घरची बोली आणि शाळेची भाषा : मराठी शिक्षणविषयक लेखनातील एक गृहीत

मराठीतील शिक्षणविषयक ग्रंथांचा विचार सहसा शिक्षणशास्त्राचे अभ्यासक करतात. वाङ्मयाचे अभ्यासक त्यांच्याकडे क्वचितच वळतात. अध्यापक विद्यालयांसाठी लिहिल्या गेलेल्या पद्धतिग्रंथांच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. परंतु शाळा कशी असावी, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकापासून मराठीत जे वैचारिक गद्य निर्माण झाले, ते केवळ शिक्षणशास्त्राच्या कपाटात ठेवून चालणार नाही. हे लेखन ज्या मुलाला समोर ठेवते ते मूल घरी कोणती भाषा बोलते, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. आणि तो हिंगोली जिल्ह्याच्या बाजूने विचारावयाचा आहे.

हिंगोलीची बाजू घेण्यास कारण आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राज्यात होता. त्या राज्यात प्राथमिक वर्गांत मराठी शिकता येत असले, तरी पुढील शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही तेच होते. पुण्या-मुंबईकडचे शिक्षणचिंतक सक्तीच्या शिक्षणाची आणि पाठ्यक्रमाची चर्चा करीत होते, तेव्हा मराठवाड्यातील मुलापुढे त्याआधीची एक पायरी होती : धडा कोणत्या भाषेत ऐकावयाचा? हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (1921) किंवा अंबाजोगाईचे विद्यालय (1935) यांचे मोल केवळ राष्ट्रीय वृत्तीत नव्हते. मराठी मुलाला त्याच्या भाषेत विचार करू देणाऱ्या त्या जागा होत्या. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते, ही गोष्ट त्यांच्या राजकीय चरित्रात काहीशी झाकोळून जाते.

मुख्य धारेतील लेखनात मात्र घरची आणि शाळेची भाषा एकच, हे न बोलता गृहीत धरलेले दिसते. याला पहिला तडा जोतीराव फुले यांच्या लेखनात जातो. ‘तृतीय रत्न’ हे 1855 चे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि नाकारले गेले. ते छापून आले 1979 मध्ये. शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या या नाटकातील कुणबी जोडपे ग्रंथभाषा बोलत नाही, ते आपल्या बोलीत बोलते, आणि याच बोलीतून त्याची समज वाढत जाऊन शेवटी ते शाळेच्या दारापर्यंत येते. हंटर आयोगापुढील 19 ऑक्टोबर 1882 च्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, गरज पडल्यास नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरू शकणारे असावेत, अशी मागणी केली. या मागणीचा अर्थ सामान्यतः जातीय मक्तेदारीच्या संदर्भात लावला जातो व तो योग्यच आहे. पण खालच्या वर्गात मिसळू शकणारा शिक्षक म्हणजे त्यांचे बोलणे समजणारा शिक्षक, हाही अर्थ त्यात अंतर्भूत आहे.

दुसरा टप्पा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो; गोष्टी, खेळ, भटकंती यांतून तो शिकवतो. पुस्तक मनोहर आहे, परंतु त्या वर्गातील मुले शिक्षकाचीच भाषा बोलणारी आहेत. बोर्डी (1945) व नंतर कोसबाड (1957) येथे ताराबाई-अनुताईंना वारली मुले भेटली आणि माँटेसोरीचे साहित्य त्यांच्यापुढे तसेच मांडता येईना. शिंपले, बिया, पाने ही साधने झाली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. साधने स्थानिक झाली, वेळ स्थानिक झाली. पण भाषेचा प्रश्न साधनांच्या प्रश्नाइतक्या स्पष्टपणे मांडला गेला नाही. ही टीका नव्हे. ज्यांनी पायवाट पाडली त्यांच्याकडूनच हमरस्त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

आता पुन्हा हिंगोलीकडे. 1948 नंतर उर्दूच्या जागी मराठी आली आणि मराठी मुलांवरील एक अन्याय दूर झाला. नांदापूरला जन्मलेले (1932), वसमतला वाढलेले आणि इंटरच्या परीक्षेत अनेकदा अनुत्तीर्ण झालेले नरहर कुरुंदकर याच संक्रमणातून गेले. पुढे ते नांदेडला आधी शाळेत शिक्षक झाले, नंतर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांच्या पिढीला मराठी माध्यम हे मिळवलेले धन होते. पण सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील तांड्यांवरच्या बंजारा मुलाला त्याचा अनुभव कसा आला? त्याच्या घरी गोरबोली. पहिलीच्या पुस्तकातील मराठी त्याला तितकीच परकी, जितकी एके काळी मराठी मुलाला उर्दू. त्यात ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर कुटुंब उठते, आणि मोडकेतोडके कमावलेले मराठीही फडावर विरते. असे मूल ‘मंद’ ठरते. वस्तुतः ते एकाच वेळी दोन कामे करीत असते : भाषा शिकणे आणि त्या भाषेतून विषय शिकणे. परीक्षा मात्र दुसऱ्याच कामाची होते.

या मुलाची शाळा पद्धतिग्रंथांत सापडत नाही. ती स्वकथनांत सापडते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (1987) मुलाला शाळेत घालणे ही जमातीला अरिष्ट वाटावी अशी घटना आहे. आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ही या दृष्टीने वाचावयास हवे. ही पुस्तके अभ्यासक्रमात दलित वा भटक्या-विमुक्तांचे साहित्य म्हणून लावली जातात, शिक्षणविषयक म्हणून कधीच नाही. इटलीतील बार्बियानाच्या आठ विद्यार्थ्यांनी 1967 मध्ये शिक्षिकेला लिहिलेले पुस्तकभर पत्र ‘प्रिय बाई’ या नावाने मराठीत आले, तेव्हा ते शिक्षणविषयक म्हणूनच वाचले गेले. नापास झालेल्यांची साक्ष परदेशी असली की शिक्षणविचार, आणि घरची असली की केवळ व्यथा, हा भेद वाङ्मयीन निकषांवर टिकत नाही.

2009 चा शिक्षणहक्क कायदा माध्यम शक्य तेथवर मातृभाषा असावे असे म्हणतो. 2020 चे राष्ट्रीय धोरणही घरच्या भाषेचा उल्लेख करते. मात्र ‘शक्य तेथवर’ हे शब्द तांड्यावर पोचेपर्यंत त्यांचा अर्थ ‘मराठी’ एवढाच उरतो. आणि मराठी माध्यमाच्या शाळा इंग्रजीपुढे माघार घेत असताना मराठीच्या कैवाऱ्यांना हा मुद्दा अवेळी वाटतो. उर्दू माध्यमाविरुद्ध मराठवाड्याने केलेला युक्तिवाद या संदर्भात पुन्हा वाचला, तर त्यात ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ‘गोरबोली’ घालूनही एकही वाक्य बिघडत नाही.