ट्रक ड्रायव्हरचं प्रशिक्षण : होडीमालकांनी समजून घ्यायचा पाठ



तांडेल कोण आहे हे बघूनच आपण होडी समुद्रात पाठवतो. पण तोच माल बर्फात भरून आंबोली किंवा चोर्ला घाटाने बेळगाव, शहापूर, निपाणीकडे निघाला की ट्रक कोणाच्या हातात आहे हे आपण विचारतच नाही. गाडी आपली असेल तर जबाबदारीही आपलीच. म्हणून आजचा पाठ ड्रायव्हरच्या लायसन्सचा आणि प्रशिक्षणाचा.

१. लायसन्स किती दिवस चालतं?
२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. पण मुदत संपल्यावर मिळणारी ३० दिवसांची सवलतही तेव्हाच गेली. म्हणजे तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवायची नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी एक वर्षापर्यंत करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

२. छोट्या टेम्पोचं काय?
६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. मालासकट एकूण वजन ७५०० किलोच्या आतली गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. धोकादायक मालाच्या गाडीला मात्र ही मोकळीक नाही.

३. प्रशिक्षण सक्तीचं कोणाला?
डिझेल आणि बर्फ कारखान्याचा अमोनिया, दोन्ही आपल्या रोजच्या धंद्यातले आणि दोन्ही कायद्याने धोकादायक माल. असा टँकर चालवणाऱ्याला केंद्रीय मोटार वाहन नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पूर्वी ही परवानगी एकच वर्ष चालायची आणि नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग असायचा. आता मुदत तीन वर्षं आहे, नूतनीकरणाच्या अटी केंद्र सरकार ठरवतं. टँकरवरच्या पाटीवर अमोनियाचा नंबर १००५ असतो, डिझेलचा १२०२. अमोनिया गळाला तर वारा कुठून येतोय ते बघून वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकायचं. वारा ओळखायला आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही, पण घाबरल्यावर तेच विसरायला होतं.

मासळीच्या साध्या ट्रकला मात्र नूतनीकरणासाठी अशी उजळणी सक्तीची नाही. युरोपात प्रत्येक व्यावसायिक ट्रक ड्रायव्हरला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. आपल्याकडे सक्ती नाही म्हणून गरज नाही, असं मात्र समजू नका.

४. आपण काय शिकवायचं?
- घाट : भरलेला ट्रक घाट चढतो, रिकामा ट्रक उतरतो. मासळी पोचवून परतताना ड्रायव्हर रात्रभर जागा असतो आणि नेमका तेव्हाच उतार येतो. उतारावर खालचा गिअर लावायचा, गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं नाही. सतत ब्रेक दाबला तर तो तापून धरेनासा होतो.
- झोप : मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगायचा. ‘माल लवकर पोचव’ असा फोन करताना हे आठवा.
- पाणी : बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडलं की मागचा दुचाकीवाला घसरतो. ते कॅनमध्ये जमा करा.
- अपघात : जखमीला आधी दवाखान्यात पोचवायचं आणि पोलिसांना कळवायचं. पळून जायचं नाही.

५. मालकावर काय येतं?
लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकाला ५००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात कोणी गेलं आणि लायसन्स बाद निघालं, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तेवढ्यात होडी विकायची पाळी येते.

जून-जुलैच्या बंदीत जाळी दुरुस्त करतो, इंजिन उघडतो, तसंच ड्रायव्हरचं लायसन्सही काढून तारीख बघूया. डोळे तपासून घेऊया आणि एक दिवस वरचे मुद्दे त्याच्याबरोबर बसून बोलूया. घरात कोणी गाडीवर जात असेल तर त्याला हे आजच वाचून दाखवा.