हिरव्या गालिच्याखालची काळी माती

सुरुवातीलाच कबूल करते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की मला व्हायव्हाला बसल्यासारखं वाटतं. शुद्धलेखनाच्या चुका रूममेटने काढल्या आहेत; उरलेल्या तिच्या. तर मुद्दा असा, की आपल्या गर्ल्स हॉस्टेलच्या मागच्या अंगणात कृत्रिम हिरवळ, म्हणजे टर्फ, घालावी हा प्रस्ताव माझाच होता. आणि हा लेख मी त्याच प्रस्तावाच्या विरोधात लिहिते आहे.

मागच्या जुलैत मेसच्या मावशी त्या चिखलात घसरल्या आणि मनगट मोडून दीड महिना घरी बसल्या. त्या दिवसांतल्या पोळ्या सगळ्यांना आठवत असतील, पण मावशींचा तेवढा पगारही बुडाला हे बऱ्याच जणींना माहीत नसेल. म्हणून पास-आऊट बॅचने दिलेल्या पैशांतून टर्फ घालू, असं मी कमिटीत म्हटलं. एक ठेकेदार येऊन बघून गेला. म्हणाला, "मॅडम, जमीन लेव्हल करायची, वर टर्फ अंथरायचं. त्याला खालून भोकं असतात, पाणी आपोआप जातं." आम्ही खूश.

भोकं असतात हे खरं आहे. टर्फच्या पाठीला ठरावीक अंतरावर छिद्रं पाडलेली असतात आणि त्यातून पाणी झटकन खाली उतरतं. पण उतरून जातं कुठे, हे मी विचारलंच नाही. गंमत म्हणजे ज्या मैदानामुळे टर्फ गाजलं, ते अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम, छप्पर असलेलं होतं. उन्हाची तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर यायची म्हणून छताच्या काचा रंगवल्या, उजेडाअभावी खालचं गवत मेलं, आणि १९६६ साली तिथे टर्फ आलं. म्हणजे तिथे अडचण उजेडाची होती, पावसाची नव्हतीच!

मग अंगणातली माती उचलून जिओटेकच्या लॅबमध्ये नेली. कोरडी करून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली आणि दोन मोजपात्रांत दहा-दहा ग्रॅम घातली. एकात रॉकेल, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर. २४ तासांनी रॉकेलमधली माती ११ मिलिलिटरवर होती, पाण्यातली २० वर. म्हणजे फुगवटा सुमारे ८२ टक्के. बेसॉल्ट झिजून झालेल्या आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पापुद्र्यापापुद्र्यांचं. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं. रॉकेलला ते जमत नाही.

आमच्या माळीमामांना हे लॅबशिवायच माहीत होतं. उन्हाळ्यात जमीन उलते, ते म्हणाले, म्हणून पहिला पाऊस घटाघटा पिते. मग तिचं तोंड मिटतं, आणि वाफसा येईपर्यंत तिच्यात पाय घालू नये. (वाफसा हा शब्द मला नवीन होता. चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी मातीची अवस्था.) जूनमध्ये पाणी मुरताना बघून आपण निर्धास्त होतो, ते या भेगांमुळे.

तोंड मिटल्यावर काय होतं, त्याचा हिशोब करून बघा. अशा फुगलेल्या चिकणमातीतून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाने उतरतं असं धरलं, तर ५ सेंटिमीटर पाऊस मुरायला ५ कोटी सेकंद लागतील. एकोणीस महिने! तोवर टर्फखाली डबकं, आणि ते डोळ्यांना दिसणारही नाही. नुसती खडी भरूनही भागत नाही. बाहेर वाट नसेल तर मातीतला खडीचा खड्डा म्हणजे दगडांनी भरलेला टब. शिवाय माती फुगते-आटते तशी वरची लेव्हल उंचसखल होते ती वेगळीच.

आणि हे सगळं करताना अचानक वर बघितलं, तर गच्चीचे दोन पाइप सरळ अंगणात सोडलेले! अंगण २० बाय १५ मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचं स्वतःचं पाणी १५ हजार लिटर. गच्ची ४०० चौरस मीटर, तिचं २० हजार. म्हणजे आपल्या चिखलातलं अर्ध्याहून जास्त पाणी छपरावरून येतं. तीन वर्षं त्या पाइपांखालून ये-जा करतेय, सिव्हिलची विद्यार्थिनी!

दोघी मैत्रिणींनी आणि मी डंपी लेव्हल लावून बघितलं. मागच्या फाटकाबाहेरच्या गटाराचा तळ अंगणाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यापेक्षा ६५ सेंटिमीटर खाली आहे. शंभराला एक असा उतार दिला तर चर त्या कोपऱ्यात ५० सेंटिमीटर खोल जातो. पुढे गटारापर्यंत ८ मीटर, त्याचे ८ सेंटिमीटर. म्हणजे ५८. सात सेंटिमीटर शिल्लक. जमतंय!

म्हणून माझं म्हणणं असं: आधी गच्चीचे पाइप बंद नळीतून थेट गटारात न्यावेत. मग चर खणून त्यात जिओटेक्स्टाइल, खडी आणि छिद्रांचा पाइप. याला फ्रेंच ड्रेन म्हणतात, पण फ्रान्सशी संबंध नाही. १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिणारे हेन्री फ्रेंच हे अमेरिकन गृहस्थ होते. जिओटेक्स्टाइलचं कापड वाचवायचा मोह होईल, पण ते नसेल तर चिखल खडीत चढतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत चर बुजतो. त्यानंतर अंगणाची माती उतारात कापून, पुन्हा कापड आणि १५ सेंटिमीटर दाबलेली खडी. मावशींचा पाय न घसरण्यापुरतं काम इथे संपतं. टर्फ त्याच्यावर, पैसे उरले तर. एप्रिलच्या दुपारी ते किती तापतं हेही विचारात घ्या. अनवाणी कपडे वाळत घालणाऱ्या आपणच.

एस्टिमेट रेक्टर मॅडमकडे दिलं आहे. फाटकाजवळच्या गटाराची जाळी साफ करायला मात्र मंजुरी लागत नाही, म्हणून ते आम्ही रविवारी केलं. आत नूडल्सची सात पाकिटं आणि एक निळी चप्पल निघाली. चप्पल वॉचमनकाकांकडे आहे, जिची असेल तिने घेऊन जावी.