भगंदराची जखम वरून बुजवू नका

"डॉक्टर, महिना झाला, अजून उघडीच आहे. टाके घालायचे राहिले का हो?" भगंदराचं ऑपरेशन झालेले रुग्ण हे हमखास विचारतात. राहिले नाहीत, मुद्दामच घातले नाहीत. ही जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. त्याला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, भगंदराची नळी खोल असेल तर जास्तच. आत पोकळी असताना वरची कातडी जुळली की पू कोंडतो आणि भगंदर पुन्हा हजर.

एक एसटी कंडक्टर तिसऱ्याच आठवड्यात पेढे घेऊन आले. कुणीतरी सांगितलेली पावडर भुरभुरून जखम "सुकवली" होती. वरून दिसायलाही सुकलेली. बोट टेकवलं तर कळवळले, आणि पापुद्र्याखालून पू आला. पुन्हा भूल, पुन्हा जखम उघडणं, पुन्हा पहिल्यापासून ड्रेसिंग. पेढे स्टाफने खाल्ले.

म्हणून हळद, तुरटी, मोबाइलवर पाहिलेला लेप, यातलं काही तिथे लावू नका. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही मनाने घेऊ नका, त्यांनी जखम लवकर भरत नाही. टबात जंतुनाशक ओतायचं नाही. नुसत्या कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर. शौचाच्या धास्तीने उपाशी राहणारे तर विचारूच नका! त्याने खडा होतो आणि जखम आणखी दुखते. भाकरी-भाजी नीट खा, पाणी प्या, रात्री इसबगोल घ्या. गॉजला पिवळसर पाणी किंवा रक्ताचा पुसट डाग लागला तर घाबरायचं कारण नाही.

जखम किती दिवसांची यापेक्षा ती आठवड्यागणिक लहान होते आहे का, हे आम्ही बघतो. होत नसेल तर साखर तपासतो, आत नळीची एखादी फांदी राहिली का यासाठी एमआरआय करतो, क्षय किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजाराची शंका आली तर तुकडा तपासायला पाठवतो. आणि तंबाखूचंही विचारतो. "व्यसन नाही" म्हणणाऱ्या कित्येक मावशी मिश्री त्यात धरतच नाहीत.

ताप, वाढता ठणका, नवी गाठ, दाट घाण वासाचा पू, कापड भिजेल इतकं रक्त, लघवी अडकणं, शौच न आवरणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी या.

स्टँडजवळच्या "विना ऑपरेशन, एका इंजेक्शनात भगंदर गायब" पाट्यांनी बिघडवलेले रुग्ण आमच्याकडे येतच असतात. क्षारसूत्र, म्हणजे नळीत घालायचा औषधी दोरा, हा मात्र वेगळा, रीतसर उपचार आहे. तो शल्यतंत्र शिकलेल्या वैद्याकडूनच घ्यावा. त्यातही दोरा साधारण दर आठवड्याला बदलतात, घाई तिथेही चालत नाही.

व्हॉट्सॲपवर जखमेचे फोटो पाठवत बसू नका. फोटोत वरची कातडी दिसते, तळ दिसत नाही. दिलेल्या तारखेला दाखवायला या.