सुगीच्या दिवसांत मान सांभाळा

भातकापणीची घाई सुरू झाली, की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. एक विळ्याने बोट कापलेले आणि दुसरे कंबर धरून बसलेले. अलीकडे त्यांत तिसरी भर पडली आहे, ती मान धरलेल्या यंत्रचालकांची.

गेल्या हंगामात पारोळ भागातला एक तिशीतला तरुण आला. भाड्याचे कापणी यंत्र चालवणारा. मान उजवीकडे वळत नव्हती, हाताला मुंग्या येत होत्या. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून त्याने आठ दिवस काढले होते.

"तू यंत्रावर बसतोस कसा, ते मला दाखव," मी म्हटले. त्याने स्टुलावर बसून दाखवले. यंत्राचा पडदा उजव्या गुडघ्याजवळ, मोबाईल त्याच्याही खाली आणि मागचे दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा पडदा डाव्या खांबावर. दिवसभर मान खाली, वर आणि बाजूला. जाता जाता तो हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, परवा पेंढा गोळा करणारी एक बाई डावीकडून पुढे आली, ती मला दिसलीच नाही. त्या पडद्याच्या आड होती. मालक ओरडला म्हणून वाचली."

वाचकहो, दुखणे मानेचे असले तरी गोष्ट जिवाशी येऊ शकते, म्हणून हा लेख.

आपल्या डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किलो असते. मान ताठ असताना ते मणक्यांवर नीट तोलले जाते. मान वाकली की मागच्या स्नायूंवर ताण वाढतो. न्यूयॉर्कमधील एका मणकेतज्ज्ञाने २०१४ साली मांडलेल्या गणितानुसार मान ६० अंश वाकल्यास मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो. त्यात यंत्राचे हादरे मिळवा.

दुसरी बाब नजरेची. शेतात यंत्र ताशी ४ किलोमीटरने चालले, तरी तीन सेकंद पडद्याकडे पाहताना ते तीन मीटरहून अधिक पुढे सरकते. रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जाणारा ट्रॅक्टर दोन सेकंदांत ११ मीटर जातो.

मग पडदा लावावा कुठे? आधी बैठक नीट करा. पाठ पूर्ण टेकली पाहिजे आणि पायांना पॅडल सहज पोहोचले पाहिजेत. त्यानंतरच पडद्याची जागा ठरवा.

१) पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या वर नको. नजर किंचित खाली गेली तर चालेल, हनुवटी छातीकडे जाता कामा नये.

२) हात समोर लांब करून मूठ वळा. एक मूठ म्हणजे अंदाजे १० अंश. नेहमी पाहावा लागणारा पडदा समोरच्या कामापासून तीन मुठींच्या आत असावा. तेवढे पाहायला मान फारशी वळवावी लागत नाही.

३) पाठ न उचलता बोट पडद्याला टेकले पाहिजे. याहून लांब नको, अगदी तोंडाशीही नको.

४) कापणीची पात, आरसे, धोक्याचे दिवे आणि माणसे येण्याच्या बाजू झाकू नका. खांब आधीच नजर अडवतो. त्याला पडदा चिकटवून आडोसा वाढवू नका.

५) दोन पडदे असतील तर दोन टोकांना न लावता एकाखाली एक लावा.

६) उन्हाची तिरीप पडद्यावर येत असेल तर तो थोडा कलवा. रात्री उजेड कमी करा, नाहीतर बाहेरचा अंधार अधिकच गडद वाटतो.

चाळिशीनंतर लांबचे पाहून जवळचे वाचायला डोळ्यांना वेळ लागतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांनी पडदा थोडा खाली घ्यावा, नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते. आणि मोबाईलवर बोलायचे असेल, तर यंत्र थांबवूनच बोला.

तासाभराने खाली उतरून पाच मिनिटे चाला. खांदे फिरवा, मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवा. झटका देऊन कडकड मोडू नका, कोणाकडून मोडूनही घेऊ नका. वेदनाशामक गोळ्या रोज मनाने घेतल्यास जठर व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, उन्हात पाणी कमी प्यायल्यास अधिकच. स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन यंत्रावर चढणे धोक्याचे.

हाताची ताकद कमी होणे, वस्तू हातातून निसटणे किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसल्यास कापणी संपण्याची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेल्यास तर थेट रुग्णालय गाठा.

त्या तरुणाने दोन्ही पडदे हलवले, मोबाईल खिशात ठेवला. तीन आठवड्यांनी आला, तेव्हा मान सैल झाली होती आणि मुंग्याही थांबल्या होत्या. मी डाव्या बाजूचे विचारले. तो म्हणाला, "आता सगळं दिसतं."

यंत्रमालकांना एवढीच विनंती: हंगामाआधी तेलपाणी तपासता, तशी एकदा चालकाच्या जागी बसून समोरची नजरही तपासा.