मनाच्या आज्ञेतील सूक्ष्मयंत्रे

अल्लादिनाच्या गोष्टीतील राक्षस दिवा घासणाऱ्याची आज्ञा पाळतो. दिवा घासणारा सज्जन आहे की दुर्जन, हे तो पाहत नाही. म्हणूनच जादूगार ‘जुन्या दिव्याच्या बदली नवा दिवा’ अशी हाळी देत येतो, आणि दिवा त्याच्या हाती पडताच अल्लादिनाचा राजवाडा एका रात्रीत दूर देशी जातो. विसाव्या व एकविसाव्या शतकांतील विज्ञानकथांनी हीच गोष्ट नव्या साहित्याने पुन्हा सांगितली आहे. राक्षसाच्या जागी हजारो सूक्ष्म यंत्रे आली, दिव्याच्या जागी डोक्यास बांधावयाची पट्टी आली आणि जादूगाराच्या जागी कधी एखादी कंपनी, तर कधी तिचा सूड घेऊ पाहणारा मनुष्य आला. या कथांतील कोणता भाग विज्ञानास धरून आहे आणि त्यांतील कंपन्यांची कारस्थाने केवळ रंजनासाठी येतात की काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कथांची परंपरा

‘रोबॉट’ हा शब्द जगास दिला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने. ते १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. नाटकाचे नाव हे कृत्रिम मजूर बनवून विकणाऱ्या एका काल्पनिक कंपनीच्या नावाची आद्याक्षरे होत. म्हणजे रोबॉट साहित्यात अवतरला तोच मुळी कंपनीचा माल म्हणून.

१९६४ मध्ये स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाने ‘अजिंक्य’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तीत एका दूरच्या ग्रहावर माश्यांएवढी यंत्रे आढळतात. एकेकटे यंत्र अगदी दुबळे, परंतु त्यांचा थवा जमला म्हणजे बलाढ्य अंतराळयानाच्या माणसांनाही त्यापुढे हार खावी लागते. पुढे २००२ मध्ये मायकेल क्रायटन या अमेरिकन लेखकाने ‘प्रे’ या कादंबरीत अशाच कणांचा थवा एका कंपनीच्या वाळवंटातील कारखान्यातून निसटल्याचे दाखविले.

या सर्व कल्पना एकत्र आल्या त्या २०१४ च्या ‘बिग हीरो ६’ या अमेरिकन चलच्चित्रात. हिरो नावाचा चौदा वर्षांचा मुलगा हजारो सूक्ष्मयंत्रे बनवितो. कपाळावरील पट्टी त्याच्या मनातील आकार ओळखते आणि यंत्रे एकमेकांस चिकटून तो आकार धारण करतात. एक उद्योगपती ती विकत घेऊ पाहतो. मुलगा नकार देतो. प्रदर्शनास आग लागते आणि यंत्रे जळाली असा समज होतो. काही दिवसांनी मुखवटा घातलेला एक मनुष्य तीच यंत्रे वापरताना दिसतो. तो असतो एक प्राध्यापक. त्या उद्योगपतीने धोक्याची सूचना धुडकावून केलेल्या प्रयोगात त्याची मुलगी नाहीशी झालेली असते आणि त्याचा सूड त्यास घ्यावयाचा असतो. यंत्रे कोणाची, हे ती स्वतः विचारीत नाहीत. पट्टी ज्याच्या डोक्यावर, त्याची ती.

मेंदूचे संदेश

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्या परस्परांशी विद्युत्‌संकेतांनी व रासायनिक द्रव्यांनी बोलतात. हान्स बेर्गर या जर्मन वैद्याने १९२४ मध्ये प्रथमच माणसाच्या डोक्यावर विद्युदग्रे लावून मेंदूचे विद्युत्‌तरंग नोंदविले व १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. हे तरंग अत्यंत क्षीण असतात. विजेरीच्या घटाचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याचे तीस हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा, म्हणजे सुमारे ५० मायक्रोव्होल्ट दाब टाळूवर मिळतो. शिवाय तो असंख्य पेशींच्या कार्याची सरमिसळ असतो. सभागृहाच्या भिंतीस बाहेरून कान लावला, तर आत टाळ्या झाल्या की शांतता पसरली हे कळते, पण कोण काय बोलले हे कळत नाही. डोक्यावरील पट्टीची स्थिती अशीच आहे.

भिंतीच्या आत गेल्यास मात्र अधिक ऐकू येते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हातपाय लुळे पडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूच्या हालचालविषयक भागात चार मिलिमीटर बाजूची चकती बसविली होती. तीवर ९६ विद्युदग्रे होती. हात हलविण्याचा नुसता विचार करून त्या स्त्रीने एका यांत्रिक हाताकरवी कॉफीची बाटली उचलविली आणि नळीने कॉफी घेतली. कित्येक वर्षांनी ती कोणाच्या हातून न भरविता पेय प्याली होती. हे कथेतील नव्हे, प्रयोगशाळेतील दृश्य आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या चकतीस ‘कॉफी’ हा विचार समजला नाही. तिने फक्त काही चेतापेशींचे स्पंदन नोंदविले. अमुक स्पंदन म्हणजे ‘हात उजवीकडे’, तमुक म्हणजे ‘मूठ आवळा’, असा अर्थ संगणकाने लावला. त्यासाठी संगणकास त्या एका व्यक्तीच्या मेंदूची सवय करून द्यावी लागते आणि ही सवय वरचेवर तपासावी लागते. मन आणि यंत्र यांच्यामध्ये असा एक दुभाषा नेहमीच उभा असतो.

एक मन, हजार यंत्रे

आता कथेतील मुख्य चमत्काराकडे वळू. एक मन हजारो यंत्रांस आज्ञा देऊ शकेल काय? थोडे गणित करून पाहावे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेंदूत विद्युदग्रे बसविलेल्या एका व्यक्तीने, हाताने लिहिण्याची कल्पना करून, मिनिटास ९० अक्षरे उमटविली. म्हणजे सेकंदास दीड अक्षर. प्रत्येक अक्षर म्हणजे ३२ पर्यायांतून केलेली निवड असे धरले, तर एका अक्षरात पाच ‘होय-नाही’ निर्णय सामावतात. सेकंदास साडेसात झाले. आता १,०२४ यंत्रांपैकी प्रत्येकास ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ एवढेच एकदा सांगावयाचे म्हटले, तरी सव्वादोन मिनिटे लागतील. तोवर पहिले यंत्र भिंतीवर आदळलेले असेल.

याचा अर्थ कथा अशक्य आहे असा नाही. आज्ञेचे स्वरूप बदलावे लागेल एवढाच. सेनापती प्रत्येक शिपायाच्या पावलास हुकूम देत नाही. ‘तो पूल घ्या’ असे सांगतो. हार्वर्ड विद्यापीठात मायकेल रुबेन्स्टाइन आणि भारतीय वंशाच्या राधिका नागपाल यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये १,०२४ लहान यंत्रांचा थवा दाखविला. प्रत्येक यंत्राचा व्यास ३३ मिलिमीटर होता आणि ते कंप पावणाऱ्या दोन छोट्या मोटरींच्या साहाय्याने सरकत असे. त्यांस अंतिम आकार तेवढा सांगितलेला होता. शेजाऱ्यांशी अवरक्त किरणांनी बोलावे, त्यांच्यापासूनचे अंतर मोजावे आणि कडेकडेने सरकत आपली जागा घ्यावी, असे मोजके नियम पाळून त्यांनी तारा व इंग्रजी अक्षर यांचे आकार साकारले. एका आकारास सुमारे बारा तास लागले. चित्रपटात तेच काम निमिषात होते! तथापि तत्त्व खरे आहे: मनाने उद्दिष्ट सांगावे, तपशील थव्याने पाहावा.

लहानपणाची अडचण

यंत्र खरोखर सूक्ष्म, म्हणजे रक्तपेशीएवढे केले, तर अडचणी निराळ्या होतात. त्या आकारास पाणी मधासारखे दाट भासते. एडवर्ड पर्सेल या भौतिकीविज्ञाने १९७७ मध्ये दाखविले की, अशा ठिकाणी शिंपल्याप्रमाणे नुसती उघडझाप करून पुढे जाता येत नाही. पुढे सरकावे तेवढेच मागे यावे लागते. मळसूत्राप्रमाणे फिरत गेले तर प्रगती होते. जीवाणू आपल्या शेपट्या तशाच फिरवितात. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीष घोष व त्यांचे सहकारी यांनी सिलिकाची, लोहाचा लेप दिलेली अशी मळसूत्री यंत्रे तयार केली आहेत. बाहेरून चुंबकीय क्षेत्र फिरविले की ती पुढे जातात, आणि दाताच्या आतील अरुंद नलिकांत शिरून तेथील जीवाणू उष्णतेने मारण्यासाठी त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांच्यात घट नाही, मोटर नाही, बुद्धीही नाही. ती सर्व शक्ती बाहेरच्या चुंबकाची. येथेही सूत्र यंत्राच्या हाती नसून बाहेरच्या नियंत्रकाच्या हाती आहे.

दुभाषा कोणाचा?

आता कारस्थानाचा प्रश्न सोपा होतो. मन ज्याचे त्याचे असते आणि यंत्र कोणीही विकत घेऊ शकतो. परंतु मधला दुभाषा त्याच्या निर्मात्याचा असतो. तो बंद पाडता येतो, त्यातील नोंदी साठविता येतात, आणि तो दुसऱ्याच्या हाती गेला तर सत्ताही त्याच्याबरोबर जाते. म्हणून अशा कथांत कंपनी येते ती केवळ खलपुरुष हवा म्हणून नव्हे.

याचे वास्तव उदाहरण उलट दिशेच्या, म्हणजे यंत्राकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या साधनाचे आहे. एका अमेरिकन कंपनीने दृष्टी गेलेल्या व्यक्तींसाठी डोळ्याच्या आतील पडद्यावर ६० विद्युदग्रे बसविण्याची योजना केली. चष्म्यातील कॅमेऱ्याचे चित्र एक लहान संगणक विद्युत्‌स्पंदांत रूपांतरित करी आणि त्या व्यक्तीस प्रकाशाचे ठिपके व वस्तूंच्या कडा जाणवत. अमेरिकेत २०१३ मध्ये त्यास मान्यता मिळाली आणि जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांस रजा दिली. साधन लोकांच्या डोळ्यांत राहिले. ते दुरुस्त करणारा मात्र उरला नाही. येथे कोणी मुखवटा घातला नव्हता, कोणी आग लावली नव्हती. हिशेब जमला नाही, एवढेच घडले.

यावरून कंपन्या नकोत असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. अशा साधनांच्या चाचण्यांस अनेक वर्षे व मोठे भांडवल लागते, आणि तेवढे बळ एकट्या प्रयोगशाळेत क्वचितच असते. प्रश्न आहे तो अटींचा. चिली देशाने २०२१ मध्ये आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूच्या व्यापारांस आणि त्यांपासून मिळणाऱ्या माहितीस संरक्षण दिले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका परदेशी कंपनीस, डोक्यावरील पट्टीद्वारे एका माजी सिनेटरच्या मेंदूची जमविलेली नोंद पुसून टाकण्याचा आदेश दिला. विज्ञानकथेतील वाद न्यायालयात पोहोचला, तो असा.

समारोप

कथाकारांनी वेगाविषयी अतिशयोक्ती केली आहे आणि डोक्यावरील पट्टीस न पेलणारे सामर्थ्य दिले आहे. पण एक गोष्ट त्यांनी अचूक हेरली: आज्ञाधारक यंत्राचे भय त्याच्या अवज्ञेत नसून आज्ञापालनात आहे. दिवा कोणाच्या हाती असावा, तो हरवल्यास, मोडल्यास किंवा विकला गेल्यास काय व्हावे, याचे नियम तो उजळण्यापूर्वीच ठरले पाहिजेत. त्या स्त्रीने उचललेली कॉफीची बाटली पुन्हा कधीही तिच्यापासून हिरावली जाऊ नये, हे पाहणे वैज्ञानिकांइतकेच नागरिकांचेही काम आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. डोक्यावरील पट्टीपेक्षा मेंदूत बसविलेली विद्युदग्रे अधिक स्पष्ट संदेश का देतात?

२. यंत्रांची संख्या १,०२४ ऐवजी १०,२४० असेल, तर प्रत्येकास एकेक ‘होय-नाही’ आज्ञा देण्यास सेकंदास साडेसात निर्णयांच्या वेगाने किती वेळ लागेल?

३. शरीरात बसविलेल्या साधनाची निर्माती कंपनी बंद पडल्यास त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणावर असावी? वर्गात दोन्ही बाजू मांडून चर्चा करा.