श्रमाची शिदोरी

प्रस्तावना

‘शिकायची इच्छा आहे, पण परिस्थिती नाही,’ हे वाक्य आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. ‘परिस्थिती’ या एका शब्दात अनेक अडचणी दडलेल्या असतात. महाविद्यालयाचे शुल्क ही त्यांतील एक अडचण. त्याआधी शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचावे लागते. गावात महाविद्यालय नसेल तर परगावी राहण्याची आणि जेवणाची सोय लावावी लागते. घरातील एक कमावता हात कमी होतो, तो तोटाही सोसावा लागतो. या अडचणींची उकल एका शिक्षणप्रसारकाने कशी केली, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही :
• गरीब विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणातील अडथळे सांगू शकाल;
• ‘कमवा आणि शिका’ या योजनेमागील विचार स्पष्ट करू शकाल;
• दया आणि हक्क यांतील फरक उदाहरणाने पटवून देऊ शकाल.

मूळ पाठ

१. जुनी वाट आणि तिच्या मर्यादा

गरीब विद्यार्थ्याने शहरात राहून शिकण्याची एक जुनी रीत महाराष्ट्रात होती. पुण्यासारख्या शहरात असा विद्यार्थी माधुकरी मागे किंवा ‘वार’ लावून जेवत असे. आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचे, असा तो क्रम. या आधारावर अनेक जण विद्वान झाले. परंतु ही दारे सर्वांसाठी उघडी नव्हती. ज्या घरी जेवायला बसायचे, त्या घराला विद्यार्थ्याची जात चालली पाहिजे, ही अट न बोलताच ठरलेली असे. शेतकऱ्याचा, बलुतेदाराचा किंवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलगा या वाटेने जाऊ शकत नव्हता. बहुजन समाजातील मुलांसाठी निराळी वाट पाडणे आवश्यक होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी विविध समाजांच्या वसतिगृहांना आश्रय देऊन तिची सुरुवात केली.

२. भाऊरावांची जडणघडण

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ते स्वतः मॅट्रिक होऊ शकले नाहीत. पुढे किर्लोस्करांच्या आणि ओगल्यांच्या कारखान्यांच्या मालाचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. या भ्रमंतीत त्यांना खेड्यांतील अज्ञान जवळून दिसले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर होताच.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य कार्यालय सातारा येथे आले. संस्थेने वटवृक्ष हे बोधचिन्ह स्वीकारले. वडाच्या फांदीची पारंबी जमिनीत रुजते आणि स्वतःच खोड होऊन झाडाला आधार देते. शिकलेला विद्यार्थी पुढच्या विद्यार्थ्याचा आधार व्हावा, हा अर्थ त्यात सामावलेला आहे.

३. एक चूल, एक पंगत

साताऱ्यात भाऊरावांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. येथे मुले स्वतः पाणी भरत, स्वयंपाकात हात लावत आणि शेतात राबत. सर्वांची चूल एक आणि पंगतही एकच असे. ज्या काळी एका विहिरीवर पाणी भरणेही अशक्य होते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

या पंगतीत ताट रिकामे राहू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने एकामागून एक दिले. भाऊराव परगावी असताना एकदा वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले, अशी आठवण सांगितली जाते. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही स्त्री सर्व जातींच्या मुलांची आई झाली. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात भाऊरावांच्या बरोबरीने त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

४. शिडीची एकेक पायरी

भाऊरावांच्या कार्याचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. खेड्यात शाळा हवी, तर आधी शिक्षक हवेत. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय सुरू झाले. प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे माध्यमिक शाळा हवी. म्हणून १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. येथे विद्यार्थी श्रम करीत आणि त्यांचे शिक्षण विनामूल्य होई. मॅट्रिक झालेल्या मुलांना महाविद्यालयासाठी पुणे, सांगली, कोल्हापूर अशा शहरांकडे जावे लागे. तो खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले. १९५४ मध्ये कराड येथे सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेजही उभे राहिले.

महाविद्यालयाचे दार उघडे असले, तरी तेथपर्यंत जाणाऱ्या शिडीची एखादी पायरी तुटलेली असेल, तर गरीब मुलगा वर पोहोचत नाही. श्रीमंताचा मुलगा तुटलेली पायरी पैशाच्या बळावर ओलांडतो. गरिबाचा मुलगा तेथेच थांबतो आणि लोक म्हणतात, ‘त्याला शिक्षणाची आवडच नव्हती.’ भाऊरावांनी मुलाला दोष न देता पायरी दुरुस्त केली.

५. श्रमाची प्रतिष्ठा

‘कमवा आणि शिका’ ही या साऱ्या रचनेची किल्ली होती. विद्यार्थी शेती करीत, खडी फोडीत, बांधकामावर राबत. कॉलेजच्या परिसरातील खडकाळ जमीन त्यांनी आपल्या कष्टाने लागवडीखाली आणली. या श्रमाचे मोल त्यांच्या शिक्षणाच्या आणि निवासाच्या खर्चात धरले जाई. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य याच विचारातून आले.

या योजनेत दोन गोष्टी साधल्या. पहिली म्हणजे, विद्यार्थी कोणाच्या उपकाराखाली राहिला नाही. मागून खाल्लेल्या घासात मान खाली जाते. कमावून खाल्लेल्या घासात ती ताठ राहते. दुसरी गोष्ट अशी की, हाताने काम करणे हलके मानणाऱ्या समाजात पदवीधर होऊ पाहणारा मुलगा कुदळ घेऊन उभा राहिला. शिक्षण घेतले म्हणजे मातीशी नाते तुटले, ही समजूत त्याने खोटी ठरविली.

मात्र विद्यार्थ्याच्या श्रमालाही मर्यादा असते. दिवसभर राबून थकलेल्या मुलाला रात्री पुस्तकात लक्ष घालणे सोपे नसते. ही संस्था केवळ मुलांच्या घामावर उभी राहिली नाही. शेतकऱ्यांनी धान्य दिले, गावांनी जमिनी दिल्या आणि दानशूरांनी देणग्या दिल्या. गरिबाला शिकविण्याचा भार गरिबानेच एकट्याने उचलावा, असा अर्थ ‘कमवा आणि शिका’ या शब्दांतून काढणे योग्य ठरणार नाही. विद्यार्थी आपला वाटा उचलतो. समाजाने आणि शासनाने आपला वाटा उचलायचा असतो.

६. आजची परिस्थिती

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेच्या शाखा आज सातशेहून अधिक असून त्यांत चाळीसहून अधिक महाविद्यालये आहेत. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. ‘कमवा व शिका’ योजना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानेही आपलीशी केली आहे.

आज अडथळ्यांचे रूप बदलले आहे. केंद्र आणि राज्य शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आहेत. महाराष्ट्रात वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे. तरीही जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेवर न मिळाल्याने अर्ज अपुरा राहतो. प्रवेश परीक्षेची माहिती खेड्यात उशिरा पोहोचते. घरातील पहिलाच महाविद्यालयीन विद्यार्थी असेल, तर कोणती शाखा निवडावी आणि अर्ज कोठे करावा, हे सांगणारे घरात कोणी नसते. माहितीचा अभाव ही आजची तुटलेली पायरी आहे.

वयाने मोठे झाल्यावर, काम सांभाळत पुन्हा पुस्तक हाती घेणारे स्त्रीपुरुषही आपापल्या परीने कमावत शिकत असतात. अशा एकाने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि पुढच्या वर्षी शेजारच्या मुलीला तो भरायला शिकविला, की वडाची एक पारंबी जमिनीला टेकली असे समजावे.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासासाठी सोबत घेतलेले अन्न
माधुकरी – घरोघरी मागून आणलेले शिजलेले अन्न
बलुतेदार – गावाची ठराविक कामे करून धान्यरूपाने मोबदला घेणारा कारागीर
ब्रीद – निष्ठेने पाळलेले तत्त्व
पारंबी – वडाच्या फांदीपासून खाली लोंबणारे मूळ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रयत शिक्षण संस्थेची स्थापना कोठे झाली?
(आ) संस्थेचे बोधचिन्ह कोणते?

२. कारणे लिहा.
(अ) माधुकरीची वाट सर्व विद्यार्थ्यांसाठी खुली नव्हती.
(आ) भाऊरावांनी माध्यमिक शाळेच्या आधी अध्यापन विद्यालय काढले.

३. ‘मागून खाल्लेल्या घासात मान खाली जाते, कमावून खाल्लेल्या घासात ती ताठ राहते.’ या विधानाचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. स्वमत : तुमच्या शिक्षणाच्या वाटेवरील कोणती पायरी तुटलेली होती? ती कशी दुरुस्त झाली, किंवा कशी होऊ शकेल? आठ ते दहा ओळींत लिहा.

५. उपक्रम : तुमच्या परिसरातील महाविद्यालयात मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या, त्यांसाठी लागणारे दाखले आणि अर्जाची मुदत यांची माहिती मिळवून तक्ता तयार करा. तो अभ्यासकेंद्रात सर्वांना दिसेल असा लावा.