सतरा वर्षांचा मतदार आणि त्याचे चार प्रश्न



भारतात मतदानाचे वय पूर्वी २१ होते. १९८९ साली एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ते १८ झाले. इकडे इस्राएलमध्ये कनेसेतसाठी १८ वर्षे लागतात, पण नगरपालिकेसाठी १७ पुरेशी आहेत. म्हणजे शाळेत जाणारा आपला मुलगा किंवा मुलगी नगराध्यक्षासाठी पिवळी आणि सदस्यांच्या यादीसाठी पांढरी चिठ्ठी टाकते.

हक्क वयाने मिळतो, विचार मात्र सरावाने येतो. ‘उमेदवार आपल्यापैकी आहे का?’ एवढेच विचारले तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून विषय संपतो. समजा, उमेदवार नवे क्रीडांगण देऊ म्हणतो. तेव्हा हे विचारावे:

१. पैसा कोठून येणार? आर्नोना वाढवून, की दुसरे काम थांबवून?
२. लाभ कोणाला, त्रास कोणाला?
३. काम केव्हा पुरे होणार?
४. न झाल्यास जाब कोण देणार?

मुलांना हे शिकवताना ध्यानात येईल की, आपणही इतकी वर्षे हे विचारले नाही. तेव्हा पुढील निवडणुकीपूर्वी जेवताना हा विषय काढा, आणि आधी मुलांना बोलू द्या.